आजारपणाच्या रजेवरून नोटीस आली तर काय करायचं: इंदूर-पीथमपूरच्या नवीन नोकरीवाल्यांसाठी

पोस्टमन कंपनीचं पाकीट घेऊन दारात उभा असतो आणि घरातलं कुणीतरी मागून हळूच म्हणतं, घेऊ नकोस, सांग घरी नाहीये. माझ्याकडे मदत मागायला येणाऱ्या बऱ्याच मुलामुलींचं प्रकरण इथूनच बिघडलेलं असतं. पाकिटावर ‘लेने से इनकार’ असा शेरा पडला की कायद्याच्या हिशोबात ते तुम्हाला मिळालं असंच धरतात, उत्तर द्यायचे दिवस तिकडे मोजायला लागतात आणि इकडे तुम्हाला आत काय लिहिलंय तेच माहीत नसतं. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते, पाकीट घ्या. सही करताना तारीख टाका, आणि उघडल्यावर पाकीट फेकू नका, पत्राला टाचून ठेवा. का ते पुढे माझ्याच गोष्टीत कळेल.

मी पीथमपूरला एका औषध कंपनीत पॅकिंगला होते, राहते इंदूरला, कंपनीच्या बसने रोज जाऊन येऊन. २०१८ मधे गणपती नुकते गेले होते, २६ सप्टेंबरला मला ताप भरला, डेंग्यू निघाला, प्लेटलेट खाली गेले आणि ८ ऑक्टोबरपर्यंत तेरा दिवस घरी होते. ९ तारखेला कामावर गेले तर गार्डने गेटवरच कार्ड ठेवून घेतलं, म्हणाला तुमचं नाव कमी झालंय. तेव्हा मला यातलं काहीच येत नव्हतं. पुढच्या तीन महिन्यांत जे शिकले ते नंतर लाइनवरच्या मुलींसाठी परत परत करत गेले. आता रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरातली आपली पोरंपोरी नवीन नवीन नोकरीला लागतायत आणि एचआरचा फोन आला की तोंडाला कोरड पडते त्यांच्या, त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहितेय.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. आजारी पडणं म्हणजे गैरवर्तन, असं कुठल्याही नियमावलीत लिहिलेलं नसतं. कारवाई होते ती ‘बिना सूचना अनुपस्थित’ या नावाखाली. ताप होता का नव्हता यावर कुणी फारसं भांडत नाही, तुम्ही कळवलं होतं का आणि ते दाखवता येतं का यावर सगळं येऊन ठरतं.

पायरी १. आजारी पडलात त्याच दिवशी

शिफ्ट सुरू व्हायच्या आत सुपरवायझरला आणि एचआरला, दोघांना, लेखी मेसेज टाका. फोन करा, जरूर करा, पण फोननंतर मेसेज पण टाका. मी पहिल्या दिवशी फक्त फोन केला होता. सुपरवायझर म्हणाले, ‘आराम करो, देख लेंगे’, माणूस वाईट नव्हता, पण पुढे चौकशीत बसल्यावर म्हणाले की फोन आल्याचं आठवत नाही. माझ्या मोबाइलमधे चाळीस सेकंदांचा कॉल दिसत होता, आता त्या चाळीस सेकंदांत काय बोलणं झालं ते कोण सांगणार.

इथे ऑफिसात सगळं हिंदीत चालतं म्हणून मेसेज हिंदीतच टाका, साधा: ‘सर, मुझे कल रात से तेज बुखार है, आज दिनांक २६ को ड्यूटी पर नहीं आ पाऊँगी। डॉक्टर ने तीन दिन आराम बताया है, पर्चे की फोटो भेज रही हूँ। कृपया मेडिकल लीव मंजूर करें।’ एवढं पुरे. यात तारीख आहे, कारण आहे, किती दिवस ते आहे, आणि रजा मागितलीय. शेवटचं वाक्य लोक विसरतात. ‘तबियत ठीक नहीं है’ एवढंच लिहिलं तर ती नुसती खबर झाली, रजेचा अर्ज झाला नाही.

आणि डॉक्टरने तीन दिवसांचे सहा केले की परत मेसेज, सहाचे दहा केले की परत. आधीची मुदत संपायच्या आत. हे जिवावर येतं, ताप असताना मोबाइल हातात धरवत नाही, मला माहितीय, मग घरातल्या कुणाला तरी टाकायला सांगा, पण खाडा पडू देऊ नका. कारण असं आहे की केंद्राच्या १९४६ च्या नमुना स्थायी आदेशांत, ज्यांना आपण स्टँडिंग ऑर्डर म्हणतो, दोन आकडे होते आणि बऱ्याच कंपन्यांनी तेच आपल्या नियमावलीत उचललेत. मंजूर रजा संपल्यावर आठ दिवसांत परत येऊन समाधानकारक कारण सांगितलं नाही तर त्या जागेवरचा हक्क जातो, ज्याला लीन जाणं म्हणतात. आणि न सांगता सलग दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलं तर ते गैरवर्तन धरलं जातं. या आठ-दहाच्या आकड्यांनी किती घरं हलवलीत. १९६४ मधे मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या एका कामगाराचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं, त्याच्याकडे आजारपणाचं सर्टिफिकेट होतं, तरी आठ दिवसांच्या नियमाखाली त्याची नोकरी गेली आणि कोर्टाने मिलचं म्हणणं धरलं. नंतरच्या निकालांनी कामगाराची बाजू बरीच सावरली, ते पुढे सांगते, पण नुसतं सर्टिफिकेट खिशात आहे म्हणून निवांत बसू नका.

पायरी २. डॉक्टरचा कागद

आधी पगाराची स्लिप काढून बघा, ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापतात का. पगार महिन्याला २१,००० पर्यंत असेल तर सध्या ईएसआय लागतो, तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात आणि कंपनी ३.२५ टक्के भरते. कापत असतील तर आजारपणात आधी तुमच्या डिस्पेन्सरीत नाहीतर नंदानगरच्या बीमा हॉस्पिटलमधे जा, प्रायव्हेटवाला कितीही जवळ असला तरी. लांब आहे, लाइन असते, दुपार जाते, हे सगळं खरंय, पण तिथल्या डॉक्टरने दिलेल्या सर्टिफिकेटवर एचआर सहसा बोट ठेवत नाही आणि पैसेही त्याच कागदावर मिळतात. आजारपणाचा भत्ता रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी मागच्या ठरावीक सहामाहीत निदान ७८ दिवसांचं अंशदान भरलेलं लागतं. पहिले दोन दिवस सहसा सुटतात, म्हणजे माझ्या तेरा दिवसांतले अकरा धरले गेले. टीबी, कॅन्सर अशा ३४ लांबलचक आजारांना ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो, पण त्यासाठी दोन वर्षं सलग नोकरी आणि अंशदानाचे जास्त दिवस लागतात.

सर्टिफिकेटचे टप्पे असतात, पहिलं, मधलं आणि शेवटचं फिट झाल्याचं. नवीन लोक पहिलं घेतात आणि नंतर बरं वाटलं की सरळ कामावर जातात, फायनल घेतच नाहीत, मग मधले दिवस उघडे पडतात. प्रत्येक कागदाचा फोटो त्याच दिवशी एचआरला पाठवा. एकदम प्रायव्हेटला ऍडमिट व्हावं लागलं असेल तर डिस्चार्जची समरी घेऊन लवकरात लवकर डिस्पेन्सरीच्या डॉक्टरला भेटा, महिनाभराने नाही.

ईएसआय नसेल, म्हणजे पगार जास्त असेल किंवा सुपर कॉरिडॉरकडची ऑफिसची नोकरी असेल, तर प्रायव्हेट डॉक्टरचं सर्टिफिकेट चालतं, पण त्यावर डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर, तपासल्याची तारीख आणि ‘अमुक ते अमुक तारखेपर्यंत कामावर जाण्यास असमर्थ’ हे शब्द हवेत. सोबत लॅबचा रिपोर्ट, मेडिकल स्टोरची बिलं. हॉस्पिटलकडे तुमच्या केसपेपरची कॉपी लेखी मागितली तर ७२ तासांत द्यायची असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ चा नियम आहे, तेव्हा ‘बाद में आना’ ऐकून परत येऊ नका, अर्ज देऊन पोच घ्या.

आणि हात जोडून सांगते, ओळखीच्या दुकानातून मागच्या तारखेचं ‘मेडिकल बनवून’ आणू नका. खोटं सर्टिफिकेट हे स्वतःच मोठं गैरवर्तन आहे. कंपनीचा माणूस त्या डॉक्टरकडे जाऊन रजिस्टर बघून येतो, आणि मग जी नोकरी एका साध्या वॉर्निंगवर वाचली असती ती खोटेपणापायी जाते. मी असं होताना बघितलंय, पोरगा खरोखर आजारी होता, कागद मात्र खोटा होता, कारण खरा घ्यायचा आळस केला.

हे सगळे कागद एका फाइलमधे ठेवा आणि फोटो काढून स्वतःच्याच मेलवर पाठवून ठेवा, मोबाइल हरवतो. आमचे काका इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमधे होते. मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली आणि कामगारांच्या हक्काचे २२४ कोटी २०२३ च्या डिसेंबरमधे मंजूर होऊन हातात यायला लागले, बत्तीस वर्षांनी, तोवर कितीतरी माणसं गेली होती. काकांनी पत्र्याच्या पेटीत मिलचं कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या सगळं मेणकापडात गुंडाळून ठेवलं होतं, काकूला कुठेही धावपळ करावी लागली नाही. पेटी अजून आमच्या माळ्यावर आहे.

पायरी ३. नोटीस हातात आली

घाबरून लगेच उत्तर लिहायला बसू नका, आधी बघा आलंय काय. कारण बताओ नोटीस असेल, म्हणजे शोकॉज, तर अजून आरोप ठरलेला नाही, फक्त विचारलंय. चार्जशीट असेल तर आरोप ठेवलाय आणि पुढे चौकशी होणार. सस्पेन्शन असेल तर चौकशी होईपर्यंत बाहेर बसवलंय, नोकरी गेलेली नाही. आणि ‘आपका नाम रोल से हटाया जाता है’ असं काही असेल तर ते सगळ्यात गंभीर, त्याच दिवशी पळापळ करायची.

मला हे शेवटचंच आलं होतं. त्यात लिहिलं होतं की आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर म्हणून नाव कमी केलंय. मी ते पत्र घेऊन रडत परदेशीपुऱ्यात एका जुन्या युनियनवाल्या काकांकडे गेले. त्यांनी काही न बोलता चष्मा लावला, पत्र टेबलावर ठेवलं, शेजारी माझी ईएसआयची तीन सर्टिफिकेटं लावली आणि पेन्सिलीने फक्त तारखांखाली रेघा मारल्या. पत्राची तारीख ५ ऑक्टोबर, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्काही ५ चाच, आणि सर्टिफिकेटं २६ सप्टेंबर ते ८ ऑक्टोबर. म्हणाले, बेटा, हे तुला आजारी असताना काढतायत. १९४८ च्या ईएसआय कायद्यात कलम ७३ होतं, आजारपणाचा भत्ता घेत असताना कामगाराला काढता येत नाही, शिक्षा करता येत नाही, आणि त्या काळात दिलेली काढण्याची नोटीस चालतच नाही. आम्ही त्या तारखा लिहून अर्ज दिला आणि कंपनीने ते पत्र मागे घेतलं. मग चार्जशीट दिली, पण नोकरी चालू राहिली.

आता लक्षात घ्या, २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नवीन श्रम संहिता लागू झाल्यात आणि ईएसआयचा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. त्यामुळे कुणाच्या जुन्या अर्जाची कॉपी मारून कलम नंबर टाकू नका. पत्रात तारखा टाका, सर्टिफिकेट लावा, ‘मैं ईएसआई के इलाज में था’ हे स्पष्ट लिहा, कलमं वकील नाहीतर युनियनवाले लिहितील.

उत्तराची मुदत पत्रात दिलेली असते, कधी दोन दिवस, कधी तीन. कमी वाटत असेल तर मुदत संपायच्या आत लेखी जादा वेळ मागा, आणि त्याच पत्रात हजेरीची कॉपी, रजेच्या रजिस्टरची कॉपी, नियमावलीची कॉपी मागा. उत्तर छोटं ठेवा. अमुक तारखेला आजारी पडलो, अमुक वेळी अमुक माणसाला मेसेज केला, कॉपी जोडलीय, अमुक तारखेपर्यंत उपचार चालले, कॉपी जोडलीय, गैरहजेरी जाणूनबुजून नव्हती, रजा मंजूर करावी. सुपरवायझर कसा बोलतो, मागच्या दिवाळीला बोनस का नाही दिला, हे सगळं मनात असतं आणि खरंही असतं, पण या पत्रात नको.

दोन कागद मात्र कुणी कितीही गोड बोललं तरी द्यायचे नाहीत. पहिला माफीनामा. एचआर म्हणतं, ‘एक माफीनामा लिख दो, मैटर यहीं क्लोज’, आणि आपलं पोरगं लिहून देतं की माझी चूक झाली, मी न सांगता गैरहजर राहिलो, पुढे असं होणार नाही. झालं, आरोप स्वतःच्या अक्षरात कबूल केला, आता चौकशीत काय उरलं? वाटलंच तर ‘झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे’ एवढं लिहा, ‘न सांगता’ हे शब्द आपल्या हाताने लिहायचे नाहीत. दुसरा कागद राजीनामा. ‘टर्मिनेशन लिखेंगे तो दूसरी जगह नौकरी नहीं मिलेगी, रिजाइन कर दो’, हे वाक्य इतक्या जणांनी सांगितलंय मला की पाठ झालंय. राजीनामा दिला की पुढचे सगळे दरवाजे जवळजवळ बंद, मग जबरदस्ती झाली हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं. केबिनमधे बसवून कागद पुढे सरकवला तर म्हणा, घरी विचारून उद्या सांगते, आणि उठा. कोऱ्या कागदावर सही तर स्वप्नातही नको. आणि चुकून दिलाच असेल राजीनामा, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, मेल आणि स्पीड पोस्टने कळवा की दबावाखाली घेतलाय आणि मी तो परत घेते.

पायरी ४. गेटवर अडवलं तर

हे छोटं आहे पण फार महत्त्वाचं. गार्ड आत सोडत नसेल तर घरी परत जाऊन झोपू नका, कारण उद्यापासून तुमची गैरहजेरी मोजतील. तिथूनच एचआरला मेसेज करा की मी आज सकाळी इतक्या वाजता गेटवर आले, आत घेतलं नाही, मी काम करायला तयार आहे. संध्याकाळपर्यंत हेच स्पीड पोस्टने. दुसऱ्या दिवशी परत जा, परत मेसेज. सुप्रीम कोर्टाचा १९९३ चा डी. के. यादव प्रकरणातला निकाल याच गोष्टीचा आहे, कंपनी म्हणत होती हा आठ दिवसांपेक्षा जास्त आला नाही, आणि कामगार म्हणत होता मी ३ डिसेंबर १९८० पासून रोज येतोय पण गेटवरून परत पाठवतात. कोर्टाने सांगितलं की नियमावलीत आठ दिवसांचं कलम असलं तरी चौकशी न करता, माणसाचं म्हणणं न ऐकता असं आपोआप काढता येणार नाही. त्याला परत घेतलं आणि अर्धा मागचा पगार दिला. तुमच्या कंपनीने नुसत्या पत्राने नाव कमी केलं असेल तर उत्तरात या निकालाचं नाव लिहा, एचआरच्या वकिलाला तो माहीत असतोच.

पायरी ५. चौकशी

घरगुती चौकशी असं म्हणतात, डोमेस्टिक इन्क्वायरी. एक चौकशी अधिकारी, एक कंपनीची बाजू मांडणारा, समोर तुम्ही. कधी चौकशी अधिकारी बाहेरचा वकील असतो. एकटे जाऊ नका, सोबत एक सहकारी नेऊ द्या अशी लेखी मागणी करा, शक्यतो असा जो शांत बसून लिहून घेईल. चौकशी हिंदीतच ठेवा म्हणा, पूर्ण कामकाज इंग्रजीत लिहून तुमच्यापुढे सहीला ठेवत असतील तर ‘समजलं नाही, हिंदीत सांगा’ म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे, त्यात लाज कसली. रोजच्या कामकाजावर सही करण्याआधी प्रत्येक पान वाचा, चुकलं असेल तर सहीच्या वर आपल्या अक्षरात लिहा की हे मी असं म्हटलं नव्हतं. रोजची कॉपी मागून घ्या. तारखेला जायचंच, रागावून नाही गेलात तर एकतर्फी निकाल लागतो.

कंपनीच्या साक्षीदाराला प्रश्न विचारायची तुमची पाळी येते. माझ्या वेळी मी सुपरवायझरना तीनच प्रश्न विचारले. २८ सप्टेंबरला माझ्या नंबरवरून तुम्हाला प्लेटलेटच्या रिपोर्टचा फोटो आला होता का. तो तुम्ही बघितला होता का, दोन निळ्या टिका दिसतायत. बघितल्यावर तुम्ही मला कामावर या किंवा अर्ज द्या असं काही कळवलं का. तिन्ही उत्तरं लिहिली गेली आणि ‘बिना सूचना’ हा आरोप तिथेच सैल पडला. युनियनवाल्या काकांनीच शिकवलं होतं, जास्त विचारायचं नाही, ज्याचं उत्तर आपल्याकडे कागदावर आहे तेवढंच विचारायचं.

शेवटच्या म्हणण्यात एक मुद्दा नक्की घाला, की गैरहजेरी मुद्दाम होती हे कंपनीने सिद्ध केलेलं नाही. कृष्णकांत परमार प्रकरणात २०१२ मधे सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलंय, आजारपण, अपघात, हॉस्पिटल अशा नाइलाजाने माणूस आला नाही तर त्याला जाणूनबुजून गैरहजर म्हणता येत नाही. तो माणूस सरकारी नोकरीतला होता, पण तत्त्व आपल्यालाही उपयोगी आहे. आणि चौकशीचा रिपोर्ट विरोधात गेला तर शिक्षेच्या आधी त्याची कॉपी तुम्हाला मिळून त्यावर म्हणणं मांडायची संधी मिळायला हवी, करुणाकर प्रकरणातला १९९३ चा निकाल आहे, कॉपी मागाच.

चौकशी चालू असताना सस्पेंड केलं असेल तर घर चालवायला पैसे मिळतात. त्या चार नवीन संहितांतल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के, आणि त्यापुढे चौकशी तुमच्यामुळे लांबली नसेल तर ७५ टक्के. चौकशी साधारण सस्पेन्शनपासून ९० दिवसांत संपवायची आहे. हा भत्ता मागितल्याशिवाय पुष्कळदा देत नाहीत, तर पहिल्याच महिन्यात लेखी मागा.

पगार कापण्याचं पण इथेच सांगून टाकते. रजा शिल्लक नसेल तर जितके दिवस नाही आलात तितक्याच दिवसांचा पगार कापता येतो, तीन दिवस आजारी म्हणून सहा दिवस कापले हे चालत नाही. दंड लावायचा असेल तर आधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं आणि तो त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. आणि नोकरी सुटलीच, कशीही, तर हिशोबाचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे.

बायकांसाठी वेगळं सांगायला हवं. गर्भपात झाला तर ६ आठवडे पगारी रजा आहे, गरोदरपणातून किंवा बाळंतपणातून आलेल्या आजाराला आणखी महिन्यापर्यंत, डॉक्टरच्या कागदावर, आणि या रजेवर असताना काढून टाकणं बेकायदा आहे. वर्षभरात ८० दिवस काम झालेलं लागतं. आपल्या मुली सुपरवायझर पुरुष आहे म्हणून हे सांगतच नाहीत, नुसतं ‘पेट में दर्द’ लिहितात आणि हक्काची रजा घालवतात. सर्टिफिकेट पाकिटात घालून एचआरमधल्या बाईच्या हातात द्या, कुणाला तोंडाने सांगायची गरज नाही.

ठेकेदाराकडून लागलेले असाल तर मेसेज ठेकेदारालाही आणि कंपनीतल्या ज्याच्या हाताखाली काम करता त्यालाही, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

पायरी ६. बाहेर दाद मागायची असेल तर

वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, त्यात निम्मे कामगारांचे प्रतिनिधी. घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत तिथे अर्ज करता येतो, समितीने ३० दिवसांत निकाल द्यायचा, पटला नाही तर ६० दिवसांत युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड करून देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाता येतं. नोकरीवरूनच काढलं असेल तर श्रम कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज टाका, ४५ दिवसांत काही झालं नाही तर तुम्ही स्वतः थेट ट्रिब्युनलकडे, म्हणजे औद्योगिक न्यायाधिकरणाकडे, जाऊ शकता, पण काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत. आधी तीन वर्षं होती, नवीन संहितेने दोन केली, हे बऱ्याच जणांना अजून माहीत नाही आणि ते ‘बघू’ म्हणत बसतात.

हे सगळं संहितेच्या भाषेत जो ‘कामगार’ आहे त्याला. मॅनेजर त्यात येत नाही, आणि १८,००० च्या वर पगार असलेला सुपरवायझर पण नाही. मात्र पदाच्या नावाला भुलू नका, कार्डावर ‘एक्झिक्युटिव्ह’ लिहिलंय आणि दिवसभर स्वतः मशीन किंवा कॉम्प्युटर चालवता, हाताखाली कुणी नाही, तर प्रत्यक्ष काम काय करता ते बघितलं जातं. खरोखरच मॅनेजर असाल तर तुमचं नियुक्तिपत्र आणि कंपनीची रजेची पॉलिसी हाच आधार, ती दोन्ही आजच डाउनलोड करून ठेवा, लॉगिन बंद केलं की काही दिसत नाही.

कार्यालय कुठलं यात आपले लोक नेहमी चुकतात. राहतो इंदूरला म्हणून इंदूरला अर्ज देतात, पण पीथमपूर धार जिल्ह्यात येतं, कारखाना ज्या हद्दीत आहे तिथल्या श्रम कार्यालयात अर्ज लागतो, नाहीतर फाइल इकडून तिकडे फिरण्यात दोन महिने जातात. राज्याच्या श्रमायुक्तांचं कार्यालय इंदूरलाच आहे, तिथे चौकशी करून हद्द पक्की करून घ्या. अर्जावर दाद दिली जात नसेल तर १८१ वर सीएम हेल्पलाइनला नोंद करून नंबर लिहून ठेवा.

माझ्या प्रकरणात जानेवारीत वॉर्निंग लेटर देऊन संपवलं. तेरा दिवस रजेत धरले, अकरा दिवसांचा भत्ता ईएसआयकडून खात्यात आला. वॉर्निंग मला पटली नव्हती, तसं उत्तर लिहून दिलं आणि त्याची पोच घेतली, कारण उत्तर न दिलेली वॉर्निंग पुढच्या वेळी ‘आदतन अनुपस्थित’, म्हणजे गैरहजर राहायची सवयच आहे, असं म्हणून काढायला वापरतात. तुम्हीही वॉर्निंगला नेहमी उत्तर द्या, दोन ओळींचं का होईना.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून कुणी मागे राहू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात औद्योगिक कामगाराला आणि कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा कोर्टाच्या आवारात त्यांचं ऑफिस असतं, फोन करायचा तर १५१००. जाताना आधार कार्ड, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप, नियुक्तिपत्र, सगळी सर्टिफिकेटं, कंपनीची पत्रं पाकिटांसकट, आणि मेसेजचे स्क्रीनशॉट तारखा दिसतील असे छापून न्या. दोन सेट न्या, एक तिथे देऊन दुसऱ्यावर शिक्का मारून घ्यायचा.